लसणाचे तेल आणि मनूचा पू

हदगावकडे लेकराचा कान ठणकला की आजी लसूण घालून कडवलेले तेल कोमट करून कानात सोडते. हे ज्ञान कुणाचे? सुश्रुतसंहितेत कानदुखीवर लसूण-आल्याचा कोमट रस आहे. आणि १९२७ मध्ये महाडला जाळलेली मनुस्मृती? पाचव्या अध्यायात ती द्विजांना लसूण वर्ज्य करते, चौथ्यात वैद्याच्या अन्नाला पू म्हणते! 'धर्मग्रंथांतले विज्ञान' म्हणून डांगोरा पिटणाऱ्यांना एवढे विचाराच.

पण मित्रांनो, आजीचे म्हणून खरे, हेही चालणार नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील १७१ मुलांवरील चाचणीत लसूणयुक्त वनस्पती-थेंबांनी कानदुखी भुलीच्या थेंबांपेक्षा जास्त कमी झाली. मात्र संशोधकांनीच लिहिले, बहुतेक दुखणे वेळेनेच ओसरले. आणि कान फुटून वाहत असेल तर तेल मुळीच नको, सरळ दवाखाना गाठा.