चालू पूर्ण वर्तमानकाळ (इंग्रजी व्याकरण)

चालू पूर्ण वर्तमानकाळ हा इंग्रजी भाषेतील क्रियापदाचा एक काळ आहे. भूतकाळात सुरू होऊन बोलण्याच्या क्षणापर्यंत चालत आलेली, किंवा नुकतीच थांबलेली पण जिच्या खुणा अजून दिसतात अशी क्रिया दाखवण्यासाठी तो वापरतात.

रचना

‘हॅव’ किंवा ‘हॅज’, त्यानंतर ‘बीन’ आणि शेवटी मुख्य क्रियापदाचे ‘-इंग’ प्रत्ययान्त रूप अशी याची रचना असते; उदा. ‘शी हॅज बीन रायटिंग’. प्रश्नार्थी वाक्यात ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ कर्त्याच्या आधी येते. कर्मणी रूप ‘बीन बीइंग’ या बोजड जोडीमुळे क्वचितच आढळते.

मराठीभाषकांची अडचण

मराठीत ‘मी दोन तासांपासून वाट पाहत आहे’ असे चालू वर्तमानकाळातच म्हणता येते. जर्मन व फ्रेंच भाषांतही अशा ठिकाणी वर्तमानकाळच येतो. त्यामुळे ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ असे वाक्य सहज तोंडी येते. प्रमाण इंग्रजीच्या दृष्टीने त्यात दोन चुका आहेत: काळाची आणि ‘सिन्स’ची. मराठीतील ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय ‘सकाळपासून’ आणि ‘दोन तासांपासून’ या दोहोंत चालते. इंग्रजीत मात्र आरंभाच्या क्षणासाठी ‘सिन्स’ व कालावधीसाठी ‘फॉर’ लागते. म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’ हे योग्य रूप. भारतीय इंग्रजीत पहिला प्रयोग चांगलाच रुळला आहे. परीक्षेत तो चूकच धरला जातो.

‘मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे’ ही मराठी रचना या काळाच्या बरीच जवळ जाते. परंतु ती नेमाने किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेपुरतीच आहे. ‘सकाळपासून पाऊस पडत आला आहे’ असे कोणी म्हणत नाही.

सराव

रिकाम्या जागा भरण्याच्या सरावात विद्यार्थी बहुधा ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ पाहून यांत्रिकपणे उत्तर लिहितात. कालवाचक शब्द नसलेली वाक्ये खरी कसोटी पाहतात. ओला रस्ता पाहून ‘इट हॅज बीन रेनिंग’ म्हणतात, तेव्हा पाऊस थांबलेलाही असू शकतो. जोडीने वाक्ये ताडून पाहणे अधिक उपयुक्त ठरते: ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणजे पुस्तक वाचून झाले, ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ यात भर वाचनावर आहे, पुस्तक संपलेच असे नाही. ‘नो’ म्हणजे ओळखणे, यासारखी स्थितिवाचक क्रियापदे या काळात येत नाहीत. ‘दहा वर्षांपासून मी त्याला ओळखतो’ याचे इंग्रजी ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ असेच होते.