दोन वाशी आणि गोष्टीचा शेवट

वाशी म्हटले की बहुतेकांना नवी मुंबईतले वाशी आठवते. दुसरे वाशी आमच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तालुक्याचे ठिकाण, एका अंगाला फटाक्यांसाठी नावाजलेले तेरखेडा, पुढे येडेश्वरीचे येरमाळा. नाव एकच, पण दोघांचा शुक्रवार वेगळा. नवी मुंबईच्या वाशीत नवा चित्रपट पहिल्याच सकाळी मॉलमधल्या पडद्यावर लागतो. आमच्या वाशीकराला मल्टिप्लेक्स गाठायचे तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते, नाहीतर चित्रपट मोबाइलवर येईपर्यंत थांबावे लागते. मधल्या दिवसांत कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर खुनी कोण ते लिहून टाकतो आणि भांडण सुरू होते. याला आता 'स्पॉयलर' म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्टीचा शेवट कुणी, कुणाला, केव्हा सांगावा हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले आहे.

या अर्थाने हा शब्द रुळला तो अमेरिकेत. 1971 च्या एप्रिलमध्ये 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात डग केनी यांनी 'स्पॉयलर्स' नावाचा लेख लिहिला आणि गाजलेल्या कथा-चित्रपटांचे शेवट गंमत म्हणून फोडून टाकले. शेवट न फोडण्याचा दंडक मात्र त्याआधीचा. लंडनमध्ये 1952 साली सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माऊसट्रॅप' नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती केली जाते की, खुनी कोण हे बाहेर जाऊन सांगू नका. 1960 मध्ये हिचकॉक यांनी 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी अटच थिएटरवाल्यांना घातली होती.

आपली परंपरा याच्या अगदी उलटी. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे ठाऊक असते. पोवाडा ऐकणाऱ्याला अफझलखान भेटीचा शेवट कुणी सांगावा लागत नाही. मोहर्रमच्या मजलिसीत करबलाचा प्रसंग सांगितला जातो. हिजरी 61 मध्ये, म्हणजे इ. स. 680 मध्ये काय झाले हे लहान पोरालाही माहीत असते, तरी डोळे दरवर्षी भरून येतात. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत सवारीसमोर हिंदू शेजारीही उभे असतात, त्यांनाही ते माहीत असते. कुरआनातली हजरत यूसुफ (अलै.) यांची हकिकत पाहा. सूरह सुरू होताच लहानग्या यूसुफला स्वप्न पडते, आणि त्या स्वप्नातच कथेचा शेवट दडलेला असतो. शेवट आधी कळल्याने कथा फिकी झाली असे कुणी म्हटलेले नाही. उलट पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळेच भावांनी विहिरीत ढकललेल्या त्या मुलासाठी जीव तुटतो.

पडदा आला तेव्हाही सुरुवात याच रीतीने झाली. दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये आणलेला 'राजा हरिश्चंद्र' ही सर्वांना पाठ असलेली गोष्ट होती. 1987 मध्ये रामानंद सागर यांचे 'रामायण' दूरदर्शनवर आले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. रावण हरणार आहे हे कळल्याने कुणी टीव्ही बंद केला नाही. पाठोपाठ 1988 मध्ये आलेल्या बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'चे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले. ज्या कथेचा शेवट साऱ्या देशाला पाठ, तिचे शब्द गाझीपूरच्या एका मुसलमान लेखकाच्या लेखणीतून आले आणि लोकांनी ते कान देऊन ऐकले.

मग शेवट लपवण्याची गरज केव्हा निर्माण झाली? गोष्ट तिकिटावर विकली जाऊ लागली तेव्हा. याचा चांगला पुरावा म्हणजे सिनेमाच्या गाण्यांची पुस्तके. थिएटराबाहेर थोड्या पैशांत ती मिळत. त्यात गाणी असत, कलावंतांची नावे असत आणि कथासारही असे. पुष्कळदा हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा दोन-तीन भाषांत. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेल्या आमच्या भागातल्या पिढीला, मग तो देशमुख असो की शेख, त्यातले उर्दू कथासार सहज वाचता येई. पण हे कथासार ऐन रंगात येऊन थांबे. नायकावर खोटा आळ आला, नायिकेचे लग्न दुसरीकडे ठरले, आता पुढे काय? पुढचे पडद्यावर पाहा! सगळे सांगायचे, पण शेवट तिकिटासाठी राखून ठेवायचा, हा छापील नियम तिथे दिसतो. जत्रेतल्या तंबू टॉकीजचा भोंगाही हेच करी. खेळाआधी लाउडस्पीकरवरून मारामारी, गाणी, रडारड सगळ्याची जाहिरात व्हायची. शेवटाबद्दल अवाक्षर नाही.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. चित्रपटाच्या प्रिंट मोजक्या असत. त्या आधी मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्याच्या शहरांत फिरत आणि ओरखडे पडलेल्या अवस्थेत शेवटी लहान गावांपर्यंत किंवा जत्रेच्या तंबूपर्यंत पोचत. तोवर कित्येक महिने गेलेले असत. मुंबईला कामाला असलेला माणूस सुट्टीत गावी येई तेव्हा त्याच्याजवळ शेवट तयार असे. शेवट ठाऊक असणे हा एक मान होता. शहर पाहिलेल्याचा, खिशात पैसा असलेल्याचा मान. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल वितरण आले आणि लहान गावातही त्याच शुक्रवारी चित्रपट पोचवणे शक्य झाले. पण अंतर मिटले नाही, त्याने रूप बदलले. आज ते ओटीटीच्या वर्गणीचे, रेंजचे आणि सवडीचे अंतर आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब एखादी मालिका केव्हा पाहणार?

पण याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे. थिएटरात पाऊलच ठेवू न शकणारे पुष्कळ होते. अनेक घरांत, आणि आपल्या मुस्लिम घरांत तर विशेष, बायकांनी सिनेमाला जाणे रुचत नसे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या सुना, पैसे नसलेले मजूर यांच्यासाठी सिनेमा म्हणजे पाहून आलेल्याने सांगितलेली गोष्ट. तिथे शेवट गाळून कसे चालेल? तिथे शेवट सांगणे ही भेट होती, आणि अर्ध्यावर थांबणे हा कंजूषपणा. ज्याला सिनेमा बघायला मिळणार आहे, त्याच्याकडून तोच शेवट हिरावला जातो. ज्याला कधीच मिळणार नाही, त्याच्या हातात तोच शेवट ठेवला जातो. कृती एकच, समोरचा माणूस वेगळा.

संशोधनही इथे एका बाजूला झुकत नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी लघुकथा वाचायला देऊन पाहिले, तर शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या. 2015 मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या अभ्यासात निकाल साधारण उलटा आला. म्हणजे 'काय बिघडते सांगितले तर' असे म्हणणारा आणि 'सगळे नासवलेस' म्हणून चिडणारा, दोघांनाही आधार सापडेल.

आपल्या भागातले उदाहरण घ्यायचे तर भूम, परंडा ओलांडले की करमाळा तालुका लागतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' तिथला. 29 एप्रिल 2016 ला तो आला. गाण्यांवर नाचत आत गेलेली माणसे बाहेर येताना गप्प होती. तो शेवट मी इथे लिहीत नाही. त्यात दाखवले ते वर्तमानपत्रात येतच असते, त्या अर्थाने त्यात रहस्य काहीच नाही. तरीही तो न सांगितलेलाच बरा, कारण सल्या, लंगड्या, आर्ची, परशा यांच्याबरोबर दोन-अडीच तास हसून झाल्यावर येणारी ती शांतता प्रत्येकाला स्वतःची स्वतः मिळाली पाहिजे. बातमी वाचून जे मन हलत नाही, ते तिथे हलते. शेवट राखण्याचे याहून मोठे कारण मला माहीत नाही. तिकिटाची विक्री हे त्यापुढे फार लहान कारण आहे.

आपल्याकडे अदब हा शब्द आहे. मजलिसीत कानावर पडलेले बोलणे अमानत असते, ते कुठे उघड करायचे याचे भान ठेवावे, ही जुनी शिकवण. आधी पाहिलेल्याजवळ गोष्टीचा शेवट हीसुद्धा अशीच अमानत असते. ती कायम दडवून ठेवायची नसते, तशी वाटेल तिथे उधळायचीही नसते. 'सांगू का?' एवढे दोन शब्द विचारले की पुष्कळ भांडणे होणारच नाहीत. घरातल्या आजीने 'सांग की बाबा, पुढे काय झाले?' म्हटले, तर शेवटापर्यंत सगळे सांगावे. आणि वाशीतला कुणी 'थांब, अजून बघायचाय' म्हणाला, तर मुंबईच्या वाशीतल्या भावाने थांबावे.