दिव्याखालचं पाणी

दोन पावसाळ्यांपूर्वी ट्रेकला मी मोठ्या फुशारकीने अतिनील दिव्याचा पेन नेला होता. टाक्यातलं पाणी बाटलीत भरलं, पेन बुडवून दीड मिनिट ढवळलं आणि गटागटा प्यायलो. पुढचे तीन दिवस 'वर्क फ्रॉम होम'. त्यातलं 'वर्क' सोडून द्या. पेनचा दोष नव्हता. पाणी गढूळ होतं, आणि मातीच्या कणांमागे लपलेल्या जंतूंपर्यंत प्रकाश पोचत नाही.

मग पडल्या पडल्या वाचत बसलो. उन्हाने जंतूंची वाढ थांबते हे डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयला अतिनील दिव्यांनी पाणी शुद्ध करूनही पाहिलं. पण दिवे भरवशाचे नव्हते, क्लोरीन स्वस्त होतं. झालं, मामला थंड!

माझ्यासाठी खरी गोष्ट १९९३ ची. आदल्या वर्षी मद्रासकडे दिसलेला कॉलऱ्याचा नवा प्रकार, ओ-१३९, बंगालात आणि बांगलादेशात थैमान घालत होता. आपले मुंबईत वाढलेले अशोक गाडगीळ तेव्हा अमेरिकेत, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत होते. उकळायला सरपण हवं, ते गरिबाकडे कुठून येणार? त्यांनी दिवा पाण्यात बुडवलाच नाही, वर हवेत टांगला. खालून पाणी उताराने वाहतं. दिव्यावर क्षार चढायचा प्रश्नच मिटला. साधारण ६० वॅटमध्ये मिनिटाला १५ लिटर. मी गणित करून पाहिलं: लिटरमागे २४० ज्यूल. तेच पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला तीन लाखांहून जास्त! (हा आकडा मी तीनदा तपासला.)

आणखी एक गंमत. १९९३ मध्येच अमेरिकेत मिलवॉकीला क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीनला हा जंतू दाद देत नाही. अतिनीललाही देत नाही असाच समज होता, कारण तपासणीत तो जिवंत दिसायचा. १९९८ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग झाले तेव्हा कळलं की तो जिवंत असला तरी त्याची पिलावळ वाढत नाही. २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाने डीएनएत गाठी पडतात आणि त्याची कॉपीच निघत नाही. म्हणजे प्रोसेस चालू, पण फोर्क बंद!

हे सगळं मी आईला उत्साहाने फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण आधी पाण्यात तुरटी फिरवायला काय झालं होतं?"