सेलेनियमयुक्त अंडी

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सेलेनियम हे सूक्ष्म खनिज मोजून मिसळले की त्याचा काही भाग अंड्यात उतरतो. अशा, नेहमीपेक्षा जास्त सेलेनियम असलेल्या अंड्यांना हे नाव आहे. सांगली जिल्ह्यात विटा-खानापूरचा भाग लेअर, म्हणजे अंड्यावरच्या, कोंबड्यांसाठी ओळखला जातो. जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्याला या विषयात रस असतो तो मुख्यतः दरासाठी. साध्या अंड्याचा दर बाजार ठरवतो. गुणवर्धित अंड्याला चार पैसे जास्त मिळतात.

सेलेनियमचा शोध स्वीडनच्या बर्झेलियसने 1817 मध्ये लावला आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याला नाव दिले. बराच काळ ते विष म्हणूनच माहीत होते. 1957 मध्ये क्लाउस श्वार्झ यांनी ते प्राण्यांना आवश्यक असल्याचे दाखवले. पिल्लांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व दोन्ही कमी पडले, तर कातडीखाली हिरवट-निळसर पाणी साचते. शरीरातल्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा सेलेनियम हा घटक आहे. पेशींची खराबी रोखण्याचे काम ते विकर करते.

मका आणि सोयापेंड यांत सेलेनियम किती असेल, हे ज्या जमिनीत पीक आले तिच्यावर ठरते. म्हणून ते प्रीमिक्समधून, म्हणजे खनिजांच्या मिश्रणातून, वरून द्यावे लागते. ते दोन रूपांत मिळते. सोडियम सेलेनाइट स्वस्त आहे; कोंबडीची गरज त्याने भागते, पण अंड्यात ते कमी उतरते. सेलेनियम यीस्ट महाग आहे. त्यात सेलेनियम मुख्यतः सेलेनोमेथिओनीनच्या रूपात असते. कोंबडीचे शरीर त्याला साधे मेथिओनीन समजून प्रथिनांत गुंफते, त्यामुळे बलकाबरोबर पांढऱ्या भागातही ते पोचते. अंडी समृद्ध करायची असतील तर यीस्टचाच खर्च करावा लागतो.

हिशेब बारीक आहे. अमेरिकेत खाद्यात वरून किलोमागे 0.3 मिलिग्रॅमपर्यंत सेलेनियम घालण्याची मुभा आहे. युरोपात खाद्यातले एकूण सेलेनियम 0.5 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागते आणि सेंद्रिय रूपात वरून घालायचे ते 0.2 पेक्षा जास्त नसते. 0.3 धरले तर एका टनात 300 मिलिग्रॅम. सेलेनाइट वापरले तर जेमतेम पाऊण ग्रॅमच्या आत, किलोत 2,000 मिलिग्रॅम सेलेनियम असलेले यीस्ट वापरले तर 150 ग्रॅम. ही चिमूट थेट मिक्सरमध्ये टाकली, तर एका पोत्यात ढीग आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे होते. आधी ती किलोभर कोंड्यात चोळून मिसळावी, मग तो कोंडा दहा-वीस किलो भरड्यात, मग तो भरडा टनात. कामगार ही पायरी गाळतो, आणि तिथेच सगळे बिघडते.

कोंबडी दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाते. म्हणजे वरून दिलेले सेलेनियम तिच्या पोटात जाते ते 33 मायक्रोग्रॅम. धान्यातले थोडे त्यात मिळते; काही विष्ठेतून जाते, काही मांसात राहते. एवढ्या आहारावर अंड्यात 50 मायक्रोग्रॅम असल्याचे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. साध्या अंड्यातही 10 ते 15 मायक्रोग्रॅम असू शकते, आणि आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला 40 पुरतात.

मात्रा चढवायची नाही, याचे कारण आपल्याच राज्यात घडले आहे. 2025 च्या जानेवारीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पंजाबात सेलेनियमने भारलेल्या जमिनीचे पट्टे आहेत, त्या पट्ट्यांकडेही बावस्करांचा रोख होता. कोंबड्यांत खाद्यातील प्रमाण किलोला सुमारे 5 मिलिग्रॅमच्या पुढे गेले की अंडी उबवणीत कमी पडतात आणि गर्भात व्यंगे दिसू लागतात.

म्हणून पोल्ट्रीवाल्याने प्रत्येक नव्या प्रीमिक्सनंतर खाद्याचा आणि अंड्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. गिऱ्हाइकानेही ट्रेवर ‘सेलेनियमयुक्त’ छापले आहे एवढ्यावर समाधान मानू नये; एका अंड्यात किती मायक्रोग्रॅम, हा आकडा मागावा.