छपरावरच्या काड्यांची कुळकथा

जुन्या वाड्यांच्या कौलांवर, चाळींच्या गच्चीवर, गावाकडच्या पत्र्याच्या घरांवर अजूनही एखादी गंजलेली लोखंडी काठी उभी दिसते. तिच्या टोकाला ॲल्युमिनियमची आडवी दांडी आणि दांडीवर ओळीने बसवलेल्या नळ्या. दोन-तीन नळ्या कावळ्यांनी बसून बसून वाकवलेल्या, एखादी वाऱ्याने निखळलेली. एके काळी घरात टीव्ही आल्याची वर्दी गल्लीला या काड्याच देत असत. आपण तिला नुसते अँटेना म्हणत आलो. तिचे कूळ शोधायला निघालो की मुंबई-दिल्ली मागे टाकून थेट जपानमधल्या सेंदाई शहरात जावे लागते.

सेंदाईच्या तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात हिदेत्सुगू यागी हे प्राध्यापक होते आणि शिंतारो उदा हे त्यांचे तरुण सहकारी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रेडिओचे जग लांब लहरींवर चालले होते. या दोघांनी मात्र अगदी आखूड लहरी हाती घेतल्या. लहर सोडणाऱ्या दांडीच्या आसपास कशालाही न जोडलेल्या धातूच्या दांड्या उभ्या केल्या, तर लहरींचा झोत एका दिशेला एकवटतो, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. 1926 साली हे काम जपानी भाषेत प्रसिद्ध झाले. प्रयोगांचा मोठा भार उदांनी वाहिला होता. पण 1928 साली अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात इंग्रजी निबंध आला तो यागींच्या नावाने. त्या निबंधात यागींनी उदांच्या कामाची नोंद केली होती, तरीही जगाच्या तोंडी एकच नाव बसले. आता पाठ्यपुस्तके ‘यागी-उदा’ असे जोडनाव छापतात, आणि तेच न्यायाचे आहे.

यातली करामत समजून घेण्यासारखी आहे. अँटेनाच्या सगळ्या नळ्यांपैकी केबल जोडलेली असते ती एकाच नळीला. दोन्ही टोकांनी वळवून मिटवलेल्या लांबट कडीला. बाकीच्या नळ्यांना वायर नाही, वीज नाही. तरीही लहर येऊन आदळली की त्यांच्यात बारीक प्रवाह खेळतो आणि त्या स्वतःच ती लहर पुन्हा बाहेर टाकतात. कडीच्या मागची नळी किंचित लांब ठेवली की ती लहर पुढे परतवते. पुढच्या नळ्या किंचित आखूड ठेवल्या की त्या लहरीला वाट दाखवत कडीपर्यंत आणतात. समोरून येणारे सगळे एका ठिकाणी जमते, मागून येणारे बरेचसे आपसांत खोडले जाते. फरक असतो काही टक्क्यांचा, पण सारा खेळ तेवढ्याच फरकावर चालतो. म्हणून नळी वाकली किंवा तुटली की चित्र बिघडायचे.

कडीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी असते. 60 मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर 5 मीटरची, म्हणून तिच्यासाठी अडीच मीटरच्या जवळपास लांब नळी लागते. 200 मेगाहर्ट्झला पाऊण मीटर पुरते. 550 मेगाहर्ट्झला जेमतेम 27 सेंटिमीटर. छपरावरच्या काड्यांची लांबी नुसती नजरेने पाहिली तरी ते घर कोणत्या पट्ट्यातले प्रक्षेपण पाहत होते, याचा अंदाज जाणकाराला येतो.

जन्मभूमीत या शोधाची फारशी कदर झाली नाही. पाश्चात्त्यांनी मात्र तो रडारसाठी उचलला. 1942 साली जपानी सैन्याने सिंगापूर घेतले तेव्हा ब्रिटिशांच्या रडारविषयीची टिपणे त्यांच्या हाती लागली. त्यांत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी तंत्रज्ञांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी एका ब्रिटिश युद्धकैद्याने सांगितले की हे तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे घडली. हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बांना जमिनीपासूनचे अंतर सांगणारी जी रडार यंत्रणा होती, तिच्यातही याच घराण्यातल्या अँटेना होत्या. युद्ध संपले, टीव्ही घरोघर जाऊ लागला आणि हीच रचना जगभरच्या छपरांवर चढली.

भारतात दूरदर्शनचा प्रयोग 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबई केंद्र आले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. वरळीचा सुमारे 300 मीटर उंचीचा मनोरा हा त्याचा कणा. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे एवढ्या उंचीवरूनही सपाट मुलखात त्या साठ-सत्तर किलोमीटर पोचतात, पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. पुण्याच्या वाटेत तर सह्याद्रीच उभा. म्हणून 1973 साली सिंहगडावर प्रक्षेपक बसवला गेला. तो मुंबईचे कार्यक्रम घेऊन पुण्याकडे फेकू लागला. पुण्यातल्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुनःप्रक्षेपक ही कल्पना महाराष्ट्राने पहिल्यांदा अनुभवली ती अशी, डोंगराच्या अडचणीतून.

1982 साली आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आले. 1983 साली इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला आणि जिल्ह्याच्या गावी मुंबईशी थेट दुवा नसतानाही कार्यक्रम पोचवणे शक्य झाले. 1984 साली चार महिने जवळपास रोज एक या वेगाने देशात लहान प्रक्षेपक उभे राहिले. त्यांची ताकद साधारण 100 वॉट, म्हणजे एखाद्या जुन्या दिव्याइतकी. गावात चित्र स्वच्छ, वेशीबाहेर पडद्यावर मुंग्या. मग काठी उंच करायची, बूस्टर लावायचा, एकाने वर चढून काठी फिरवायची आणि खालच्याने ओरडायचे, “आलं, आलं... गेलं! परत मागे घे!” ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम पाहण्यासाठी शेतकऱ्यांनी एवढी खटपट केली, कारण त्यातून मिळणारी माहिती कामाची होती आणि ती फुकट होती.

मुंग्यांइतकाच दुसरा त्रास पडछायेचा. डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून परतलेली लहर किंचित उशिरा येते आणि प्रत्येक माणसाशेजारी त्याचे फिकट भूत उभे राहते. जुन्या पद्धतीत यावर काठी फिरवण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. डिजिटल प्रक्षेपणाने तो मुळापासून केला. एका वेगवान प्रवाहाऐवजी माहिती हजारो संथ प्रवाहांत वाटून द्यायची आणि प्रत्येक तुकड्याआधी थोडा अवधी राखून ठेवायचा. उशिरा आलेली लहर त्या अवधीत विरून जाते. या पद्धतीचा पाया अमेरिकेतल्या बेल लॅब्सचे रॉबर्ट चँग यांनी 1966 साली घातला. तिच्यावर उभारलेले प्रक्षेपण 1998 साली ब्रिटनमध्ये घराघरात पोचले. डीव्हीबी-टी2 ही सुधारित पिढी 2009 साली आली.

भारताने हीच पिढी निवडली. फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत ती सुरू केली. महाराष्ट्रातली दोन शहरे होती मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराच्या मुलखासाठी दूरदर्शनचा मनोरा उभा आहे तो म्हैसमाळच्या पठारावर. जिथे पूर्वी एका पट्ट्यात एकच वाहिनी मावत होती, तिथे आता डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि डीडी किसान किंवा प्रादेशिक वाहिनी अशा पाच वाहिन्या एकत्र बसल्या. यासाठी छपरावर लागते ती तीच यागी-उदा रचना, फक्त आखूड नळ्यांची. तिच्या धातूला डिजिटल आणि ॲनालॉग यांतला भेद कळत नाही. तो फक्त लहरीची लांबी ओळखतो. एक गुण मात्र पालटला. जुने चित्र कमी कमी होत मुंग्यांत बुडायचे. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्मळ राहते आणि ती ओलांडली की चौकोन फुटून एकदम नाहीसे होते.

घोडे अडले ते घरात. भारतात विकल्या गेलेल्या अनेक टीव्ही संचांत या प्रक्षेपणासाठी लागणारा ट्यूनरच नव्हता. तोवर लोक केबलवर, डिशवर आणि दूरदर्शनच्याच फ्री डिशवर गेले होते. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मार्च 2022 पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 सोडून बाकीचे थांबवायचे ठरवले. हे प्रक्षेपक बंद केल्याने खर्च वाचत होता, जागा मोकळी होत होती. ते ॲनालॉग होते आणि त्यांचे दिवस भरले होते, हे मान्यच आहे.

पण जमिनीवरून येणारे प्रक्षेपण संपवून चालणार नाही. त्याला महिन्याचे बिल नाही, इंटरनेट नाही. त्याचा प्रक्षेपक आपल्याच मुलखातल्या टेकडीवर असतो. पुराच्या, वादळाच्या दिवसांत मोबाइलचे मनोरे बंद पडतात तेव्हा डोंगरावरचा एक चालू प्रक्षेपक तालुक्याच्या तालुक्यांना सूचना देऊ शकतो. आता प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर मिळून हीच लहर थेट मोबाइलवर उतरवण्याच्या कामात आहेत. म्हणजे कूळ खुंटलेले नाही. म्हणून सरकारकडे दोन मागण्या. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर सक्तीचा करा. आणि विभागागणिक किमान एक डिजिटल प्रक्षेपक कायम चालू ठेवा. हवेतली लहर जनतेच्या मालकीची आहे. ती फुकट पकडण्याचा हक्क जनतेकडेच राहिला पाहिजे.