पृथ्वी फिरते, तर ससाणा घरट्यांत कसा परततो?

इ. स. ४९९ मध्यें तेवीस वर्षांचा असलेल्या आर्यभटानें आपल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथांत एक धाडसी विधान केलें. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, म्हणूनच स्थिर नक्षत्रें पश्चिमेकडे जातांना दिसतात. दृष्टांत त्यानें नावेचा दिला. पुढें जाणाऱ्या नावेंतील मनुष्याला स्थिर वस्तु मागें सरकतांना दिसतात, तसाच हा प्रकार.

इतका सोपा दृष्टांत. तरीहि तो नंतरच्या ज्योतिषांच्या गळीं उतरला नाहीं. याचा दोष केवळ त्यांच्या हटवादीपणाला देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांची शंका खरोखरच अवघड होती. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें ‘पंचसिद्धांतिके’त विचारलें, पृथ्वी फिरत असेल तर आकाशांत गेलेले ससाणे आपल्या घरट्यांत परत कसे येतात? इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें विचारलें, मग उंच वस्तु कोसळत कां नाहींत? नावेच्या दृष्टांतांत यांचें उत्तर नव्हतें. डोळ्यांना काय दिसतें हें त्यानें सांगितलें. पण नावेंतून उडालेल्या पक्ष्याचें काय होतें, हें सांगितलें नाहीं. पुढें कित्येक टीकाकारांनीं आर्यभटाच्या शब्दांचा अर्थच फिरवून टाकला.

युरोपांतहि हीच अडचण उभी राहिली. १५४३ सालीं कोपर्निकसनें पृथ्वीला गति दिली, तेव्हां मनोऱ्यावरून सोडलेला दगड पश्चिमेला मागें कां पडत नाहीं, असें विरोधक विचारूं लागले. उत्तर गॅलिलिओनें १६३२ सालीं दिलें. जहाजाच्या पोटांतील बंद खोलींत फुलपांखरें उडत आहेत, टांगलेल्या बाटलींतून थेंब खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यांत पडत आहेत. जहाज उभें असो वा एकसारख्या वेगानें चालत असो, या खेळांत तिळमात्र फरक पडत नाहीं. कारण खोलींतील प्रत्येक वस्तूला जहाजाची गति आधींच मिळालेली असते. १६३३ सालीं धर्मपीठानें त्याला आपलें मत सोडावयास लावलें. पण युक्तिवाद मागें घेतला गेला नाहीं. १६४० मध्यें गासेंदीनें मार्सेय येथें वेगानें वल्हविलेल्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड सोडला. तो काठीच्या पायथ्याशींच पडला.

वराहमिहिराच्या ससाण्याचें कोडें येथें सुटतें. झाड, पक्षी आणि हवा हीं सर्व पृथ्वीबरोबरच पूर्वेकडे चाललेलीं असतात. विषुववृत्तावर हा वेग ताशीं सुमारें १,६७० किलोमीटर आहे. परंतु शरीराला वेग कळत नाहीं. वेगांतील बदल कळतो. आगगाडी सुटतांना धक्का बसतो, एकसारखी धांवूं लागली कीं प्रवासी डुलकी घेतो. पृथ्वीवरील माणसाची दिशा सतत वळत असते खरी. पण तिचा परिणाम विषुववृत्तावरसुद्धां वजनाच्या सुमारें तीनशेंव्या भागाएवढाच होतो, आणि तो जन्मापासून अंगवळणीं पडलेला असतो.

हें वळणेंच अखेर साक्षीला आलें. १८५१ सालीं फूकोनें पॅरिसच्या पँथिऑनमध्यें ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून झुलविला. झोक्याची दिशा तासाला सुमारें ११ अंशांनीं सरकत गेली. आर्यभटाच्या नावेनंतर सुमारें साडेतेराशें वर्षांनीं, न जाणवणारी गति लोकांनीं डोळ्यांनीं पाहिली.