श्रेणीबद्ध फँटसी फुटबॉल

श्रेणीबद्ध फँटसी फुटबॉल ही प्रत्यक्ष सामन्यांतील खेळाडूंच्या कामगिरीवर आधारलेली साप्ताहिक ऑनलाइन स्पर्धा आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. फँटसी फुटबॉलची कल्पना १९६२ मध्ये बिल विंकेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली.

खेळण्याची पद्धत

संयोजक त्या आठवड्यातील खेळाडूंना अपेक्षित कामगिरीनुसार श्रेणींमध्ये विभागतात. स्पर्धक प्रत्येक श्रेणीतून एकच खेळाडू निवडतो. लिलाव किंवा खर्चमर्यादा नसते. एकच खेळाडू अनेकांच्या संघात असू शकतो. प्रचलित पद्धतीत धावून किंवा पास झेलून केलेल्या टचडाउनला ६, टचडाउनचा पास देणाऱ्यास सामान्यतः ४, तर धावून मिळवलेल्या प्रत्येक १० यार्डांना १ गुण मिळतो. सर्वाधिक गुणांचा संघ विजयी ठरतो.

सर्व नामवंत खेळाडू एकत्र घेता येत नसल्याने निकाल बहुधा खालच्या श्रेणींतील निवडीवर ठरतो. त्यासाठी दुखापतींची माहिती व प्रतिस्पर्धी संघाचा बचाव पाहणे उपयुक्त असते.

भारतातील स्थिती

भारतात फँटसी खेळ मुख्यतः क्रिकेटमुळे रुजले. मुंबईस्थित ड्रीम११ची स्थापना २००८ मध्ये हर्ष जैन व भावित शेठ यांनी केली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या स्पर्धांना कौशल्याचा खेळ मानले. मात्र २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात कौशल्य व नशीब असा भेद न करता, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद करण्यात आली. त्यानंतर ड्रीम११ने सशुल्क स्पर्धा थांबवल्या.